दोन कृष्णविवरांचा निकाल लागेपर्यंत

प्रति,
मा. संचालक,
संगणन केंद्र, मुख्य यंत्रकक्ष

विषय : दिवंगत वडिलांच्या खात्यावरील ताऱ्यांच्या समूहाच्या गणिताचे काम ३० तारखेला बंद न करण्याबाबत.
संदर्भ : आपले १२ तारखेचे, वडिलांच्या नावे आलेले पत्र.

महोदय,

माझे वडील एकोणीस वर्षे आपल्या केंद्राचे खातेदार होते. या महिन्याच्या २ तारखेला ते वारले. ४ तारखेला मी स्वतः येऊन मूळ दाखल्यासह मृत्यूची लेखी सूचना दिली. मृत खातेदाराचे काम महिनाअखेर थांबवतात, हे मला ठाऊक नव्हते. खिडकीवरच्या बाई हळूच म्हणाल्या, "अहो ताई, कळवलंत कशाला? गप्प बसला असतात तर कुणी विचारलंही नसतं."

१. दाट समूहातील एक लाख तारे एकमेकांना कसे ओढतात, याचे गणित यंत्रावर चौदा महिने चालू आहे. समूहाच्या मध्यभागी आता दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत आहेत. ती एकमेकांत विलीन होतात की जोडीनेच समूहाबाहेर फेकली जातात, एवढेच वडिलांना पाहायचे होते.

२. "एकवीस दिवसांत प्रगती नगण्य, काम अडकलेले दिसते," असा शेरा आपण दिला आहे. जोडी जितकी जवळ येते, तितके गणिताचे पाऊल लहान करावे लागते. मीही पूर्वी हीच शंका काढली होती. वडील म्हणाले होते, "अडकलं नाहीये गं, जपून चाललंय."

३. आपल्या तंत्र अधिकाऱ्यांनी सुचवले की, दोन्ही विवरे मिळून एकच धरावीत, म्हणजे काम दोन दिवसांत उरकेल. सूचना सद्हेतूची आहे. पण जोडीचे काय होते हाच प्रश्न असताना जोडीच पुसली, तर उत्तर कशाचे मिळणार? काम दुसऱ्या यंत्रावर हलवणेही शक्य नाही. तिथे शेवटच्या दशांशात फरक पडतो आणि थोड्याच काळात समूह वेगळ्या वाटेला लागतो. तो मग वडिलांचा समूह राहत नाही.

अर्जात लिहू नये अशी एक गोष्ट लिहिते. आई रोज सकाळी विचारते, "बाबांचं कुठवर आलं?" मी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवते. तिला त्यातले काही कळत नाही. मलाही फारसे कळत नाही. आकडा कालच्यापेक्षा पुढे असला की ती चहा ठेवते.

४. आपली नियमावली मी तीनदा वाचली. हयात पण गैरहजर खातेदारास सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते. मृतास मुदतवाढीची तरतूद नाही. सबब, अन्य मार्ग नसल्यास, मी ४ तारखेची सूचना मागे घेण्यास तयार आहे. खातेदार हयात असून सध्या केंद्रात येऊ शकत नाहीत, असे मी स्वहस्ते लिहून देईन आणि त्याची जबाबदारी माझी राहील.

त्या निवेदनाची प्रत मात्र घरच्या पत्त्यावर पाठवू नये. टपाल आई उघडते.

आपली नम्र,
(सही)
खातेदारांची मुलगी
दि. १९

सोबत : १) संदर्भीय पत्राची प्रत. २) आज सकाळच्या आकड्याची नोंद. ३) मृत्यूच्या दाखल्याची पोच (मूळ दाखला परत मिळावा).