गॅरेजमधल्या गाण्यातला एक मराठी शब्द

प्रिय अहोआई,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेच आहे. पण शनिवारी जे ऐकलं ते लिहूनच सांगायला हवं. तुमच्यावर एक गाणं आहे. तेही हेवी रॉक, आणि स्पॅनिशमध्ये!

शेजारच्या गॅरेजमध्ये बँडची प्रॅक्टिस करणारी मुलं आठवतात ना? तुम्ही लंडनला, एजवेअरच्या आमच्या घरी राहायला आलात त्याच आठवड्यात त्यांच्या ड्रम्सनी आपल्या कपाटातली भांडी थरथरायला लागली. तुमचा समीर कौन्सिलला कम्प्लेंट करणार होता. "थांब, आधी मी बघून येते," म्हणत तुम्ही शाल गुंडाळून गेलात आणि तासाभरानं हसत परत आलात. "चांगली मुलं आहेत रे. उपाशी दिसतात." त्यानंतर आपल्या घरचे पोहे गॅरेजमध्ये जायला लागले.

पण खरी गोष्ट तुम्ही आम्हाला सांगितलीच नाहीत.

गेल्या आठवड्यात मातेओ दारात आला. तोच, कोलंबियाचा, केस बांधून गाणारा. आता तो लंडनबाहेर स्लाऊला राहतो, वेअरहाऊसमध्ये काम करतो. "आई आहे?" त्यानं विचारलं. गाण्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं तुम्हाला द्यायला आला होता. समीरनं त्याला तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा तो दारातच उभा राहिला. मी आत घेतलं, चहा दिला. मग तो बोलायला लागला.

त्याची आई तिकडे वारली तेव्हा व्हिसाच्या अडचणीमुळे त्याला जाता आलं नव्हतं. त्या दुपारी तो गॅरेजच्या पायरीवर बसला होता. तुम्ही डबा घेऊन गेलात, त्याच्या मोबाइलवरचा आईचा फोटो बघितलात आणि शेजारी बसलात. तुम्हाला स्पॅनिश येत नव्हतं, त्याला मराठी. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राहिलात, "रड. रड बाळा, रड."

"मला शब्द कळला नाही," तो म्हणाला, "पण मी रडलो. नंतर अर्थ विचारला, तर आईंनी माझ्याच गालावरून बोट खाली ओढून दाखवलं."

त्यातून गाणं झालं, स्पॅनिश ओळींत तुमचं 'रड' तसंच ठेवून. ऐकणाऱ्यांना तो शब्द स्पॅनिश 'रेद' वाटतो, म्हणजे जाळं. जाळ्यात सापडलेल्या माणसाचं गाणं, असं लोक समजतात. मातेओ कुणाची चूक सुधारत बसत नाही.

शनिवारी आम्ही गेलो. पबच्या मागचा हॉल, आणि गिटार अशी की बरगड्या हलाव्यात. तुमचा लेक तुम्हाला माहीतच आहे. क्रिमेटोरियममध्येसुद्धा सगळ्यांना थँक यू म्हणत फिरला, डोळ्यांत टिपूस नाही. घरी येऊन तुमची खोली बंद केली ती केलीच. मला व्हॅक्यूम करायलाही आत जाऊ देईना.

मातेओ माइकवर "फॉर आई" एवढंच म्हणाला. गाणं सुरू झालं, सगळा हॉल "रड, रड" म्हणत उड्या मारायला लागला, आणि माझ्या शेजारी समीर रडला. डोळे पुसायलाही हात वर गेला नाही त्याचा. हातभर टॅटू असलेल्या एका अनोळखी माणसानं काही न विचारता त्याला जवळ घेतलं.

अहोआई, एवढं सगळं करून त्या दिवशी घरी आलात आणि आमच्यापाशी एक अक्षरही बोलला नाहीत? निदान मला तरी सांगायचं होतंत.

रविवारी समीरनं स्वतः तुमची खोली उघडली. खिडकी लोटली, चादर बदलली. मातेओचे वडील पहिल्यांदाच इकडे येतायत, आणि त्याच्या शेअर्ड घरात त्यांना झोपायला जागा नाही. समीरनं त्याला फोन केला. "ब्रिंग हिम हिअर," म्हणाला. "आईची रूम आहे."

तर तुम्हाला शब्द देते. ते आले की तुमच्या खोलीत राहतील, आणि सकाळी मी त्यांना तूप घातलेला मऊ भात वाढीन. जेवता जेवता ते बायकोबद्दल बोलायला लागले, तर भाषा कळो न कळो, मी मध्येच उठणार नाही.

तुमची सून,
मृदुला