न धुता पाठव

३ मार्च

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेत नेमकं करतेस काय, असं बाबा विचारत होते. त्यांना सांग: कोळंबी सोलून तुम्ही जी डोकी आणि टरफलं फेकता, त्यांतला लाल रंग काढते. तो तेलात मिसळला की तेल लवकर खवट होत नाही. टाकलेल्यातून कामाचं निघतं, याचा मला फार आनंद आहे. पण बाजारातली टरफलं इथे येईतो कुजतात. वीस तारखेपर्यंत रंग हाती आला नाही, तर हा विषय बंद आणि मी पाणी तपासायच्या टेबलावर. तुमच्या शेडमधून एक खोकं पाठवशील? स्वच्छ असावं.

लोभ तर आहेच, आता टरफलंही येऊ देत.

तुझी चिमणी

८ मार्च

चि. चिमणीस, अ. उ. आ.

खोकं पाठवलं. मुकादमीण म्हणाली, लेकीला खाऊ म्हणून कचरा पाठवणारी आई पहिल्यांदाच पाहिली. मी मनावर घेतलं नाही. टेबलं धुतो त्या औषधाच्या पाण्यात टरफलं तीनदा धुतली, दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवली. कागदासारखी पांढरी झाली. तुझ्या साहेबांनी नाक मुरडायला नको. बाबा म्हणतात, टरफलांतून सुटावी म्हणून शिकवली, तर पदवी घेऊन टरफलांतच गेली. म्हणतात खरं, पण तुझं पत्र शेजारी वाचून दाखवून आले.

वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.

तुझी आई

१२ मार्च

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

खोकं सगळ्यांसमोर उघडलं. टरफलं सुंदर पांढरी होती. रंग थेंबभरही नव्हता. ऊन, हवा आणि ते औषधाचं पाणी, तिघांनी मिळून खाल्ला. हा रंग दुसऱ्याला वाचवताना आधी स्वतः झिजतो, हे मी शिकले होते; तुला सांगायचं सुचलं नाही. चूक माझी. तुला 'स्वच्छ' म्हटलं की तू थांबत नाहीस, हे ठाऊक असून लिहिलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. आठ दिवस उरलेत. सोललेली टरफलं तशीच, न धुता, बर्फात, काळ्या पिशवीत पाठव. आणखी एक अडचण आहे: आमच्या रसायनाने रंग सुटतो, पण ते खाण्यात चालत नाही.

रागावली असशील, तरी पाठव.

तुझी चिमणी

१६ मार्च

चि. चिमणीस, अ. उ. आ.

बर्फगाडीवाल्याबरोबर पाठवलं आहे, न धुता. पिशवीला गाठ मारताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोकी जास्त घातली, रंग त्यांत अधिक असतो. तो सुटतो कसा, हे मला विचारायचंस की! सव्वीस वर्षं माझी नखं केशरी आहेत. साबणाने काही होत नाही. घरी निघताना आम्ही कोमट गोडं तेल चोळतो, मग फडकं लाल होतं. तुझ्या गणवेशाच्या खिशाला माझा हात लागला होता, तेव्हा किती रडली होतीस. तोही डाग तेलानेच गेला.

काय झालं ते लगेच कळव, माझं कामात लक्ष नाही.

तुझी आई

२१ मार्च

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

डोकी वाटून कोमट तेलात ठेवली. तासाभरात तेल लाल झालं. विषय चालू राहिला आहे. तेलाची कल्पना कोणाची, असं सरांनी विचारलं. नोंदवहीत नावापुढे दोन रकाने असतात, शिक्षण आणि अनुभव. तुझ्या नावापुढे पहिला मोकळा ठेवला, दुसऱ्यात सव्वीस वर्षं लिहिली. सरांनी वाचलं आणि खाली सही केली.

शनिवारी येते आहे. ते फडकं धुऊ नकोस, मला हवं आहे.

तुझी चिमणी