बाबांनी घेतलेला चहा

शाम शुई पो, हाँगकाँग
४ नोव्हेंबर १९८६

ती. सूक-यीताईस मान-किटचा सा. न. वि. वि.

या नगरीत न्याय उरलेला नाही, हे तुला व्हँकूवरला बसून कळायचे नाही. चहागृहात कोळंबी भरून वाफवलेल्या हा-गाऊंची ढकलगाडी स्वयंपाकघरातून निघते तुडुंब आणि माझ्या टेबलाशी पोचते रिकामी. वाटेतल्या आज्या उठून टोपल्याच उचलतात. गाडीवालीला सविनय निवेदन केले, तर म्हणाली, मास्तर, इथे हात लांब लागतो, जीभ नव्हे. पिनांगात सात वर्षे प्राचीन काव्य शिकवून अखेर मी कोंबडीच्या पायांवर समाधान मानले.

आता मुद्दा. तू सांगितलेस तसेच केले, घरी गेलो नाही. गेलो असतो तर दार उघडले नसते. माजाँगच्या सोंगट्या कोरायचे दुकान मला नको म्हणालो, तेव्हा पुन्हा तोंड दाखवू नकोस असे बाबांनी बजावले होते, आणि बाबा शब्दाचे पक्के. म्हणून सकाळी सातला त्यांचे नेहमीचे चहागृह गाठले. गर्दी एवढी, की कोणीही कोणाच्याही टेबलावर बसतो. मी त्यांच्यासमोरच बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आपल्या किटलीतला चहा माझ्या पेल्यात ओतला आणि वर्तमानपत्रात तोंड घातले. मी घाबरून पळालो.

रोज लांबून त्यांना पाहतो. हा राग की लोभ? भाष्य तूच कर. फोनवर तू रडतेस, म्हणून पत्र.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा,
मान-किट


व्हँकूवर
१२ नोव्हेंबर

चि. किट यास अनेक आशीर्वाद.

अरे पोथीपंडिता, बापाने मुलाला आधी चहा ओतायचा? हा टोमणा आहे! पाहुणा करून टाकले तुला. फोनवर माझ्याशी ते नीट बोलतात, पण तुझे नाव काढले की हवापाण्यावर घसरतात. म्हणजे राग अजून ताजा आहे.

आता नीट ऐक. पुन्हा समोर बस. किटली तू घे. उभा राहा, दोन्ही हातांनी ओत, चुकलो म्हण, आणि पुढे श्लोकबिक जोडू नकोस. त्यांनी घोट घेतला तर माफ केले. आपल्यात याहून मोठी माफी नाही. पेला तसाच गार झाला, तर मुकाट्याने पिनांगला परत जा. ऐंशीच्या माणसाला आणखी छळायचे नाही.

माझी झोप उडाली आहे. लगेच कळव. जेवत जा.
तुझी ताई


शाम शुई पो
२० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांनी चहा घेतला.

आनंदाने शेजाऱ्यांना हाक मारू नकोस, पुढे वाच. मी उभा राहून ओतला. थोडा टेबलावर सांडला. बाबा, मी चुकलो, एवढेच म्हणालो. ते पेल्याकडे बघत बसले. वाफ विरत चालली. शेजारचा गृहस्थ चघळायचा थांबला. मग बाबांनी पेला उचलला, घोट घेतला आणि टेबलावर दोन बोटे टकटक वाजवली. परक्याने चहा ओतल्यावर आभार मानतात ना, तशी. ताई, त्यांनी आपल्यापुढे कधी अशी बोटे वाजवली आहेत?

मी पुन्हा बाबा म्हणून हाक मारली. तर इकडेतिकडे बघून मायेने म्हणाले, वडील चुकले का हो तुमचे गर्दीत? बसा, येतील. इथला चहा सोडून माणूस जातो कुठे?

मग उठले आणि दारातून उजवीकडे वळले. घर डावीकडे आहे. मी मागोमाग गेलो. तीन गल्ल्यांनंतर ते कापडवाल्यांच्या रांगेत उभे राहून पाट्या वाचत होते. हात धरून घरी आणले. किल्ली त्यांच्याच खिशात होती, ती मला शोधावी लागली. फार सज्जन दिसता, म्हणाले, आणि दार लावून घेतले. आत चूल पेटवल्याचा आवाज आला. काही जळल्याचा वास येतो का पाहत मी तासभर जिन्यात उभा होतो.

पिनांगची शाळा जानेवारीत उघडते. तोवर काय करायचे, मला सुचत नाही. त्यांचा राग मी आणखी सात वर्षे सोसला असता. त्यांनी मला ओळखलेच नाही, ताई. उद्या ते पुन्हा उजवीकडे वळतील आणि मागे कोणी नसेल, याची मला फार भीती वाटते.

तुझी माया पत्रापुरती ठेवू नकोस, तू निघून ये.
तुझा,
मान-किट