आईने सांगितलेले पत्र

घाटंजी, ता. ४ जानेवारी १९६४

ती. इंदूताईस,
भीमराजचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे आई व मी ठीक. कापूस निम्मा वेचून झाला. धर्मपालदादाला मरणोत्तर पदक जाहीर झाले. पलटणीचा कागद मी तीनदा वाचला. मागे हटण्याचा हुकूम आला होता, पण जखमींना उतरता यावे म्हणून दादा एकटा मशीनगनपाशी थांबला. खेमसिंग नावाचा जोडीदार वाचला. त्याच्याजवळ दादाने आईचे पत्र दिले होते. सव्वीस तारखेला यवतमाळला पदक देताना साहेब तेच पत्र सर्वांसमोर वाचणार आहेत.

आई गल्लीभर सांगते की, सारे म्हणतात म्याच पोराले लढाईवर धाडलं, आता साहेब वाचतीन तवा कळन म्या काय सांगतलं होतं.

ताई, तिने सांगितले होते की जीव सांभाळ, मांगं फिरता आलं तर फिर, घरी ये. मी तसे लिहिले नाही. लष्करात पत्रे उघडतात, दादाला लोक हसतील, असे वाटले. म्हणून लिहिले की, पाऊल मागे घेऊ नकोस, समाजाची मान खाली जाईल. तिला मात्र तिचेच शब्द वाचून दाखवले. काय करू?

तुझा भाऊ,
भीमराज

कळंब, ता. १३ जानेवारी १९६४

चि. भीमराजास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. हे मीच लिहून राह्यली, दुसऱ्याकडून लिहवण्यासारखं नाही. अक्षराले हसू नको. लहानपणी माझ्या पाटीवरचं खोडून तूच नीट करत होता. आईचं बोलणंही नीट केलं काय रे?

तिले आधी सांगून टाक. साहेबाच्या तोंडून ऐकू देऊ नको. मारन, रडन, पण घरात. भाऊ तुझ्या शब्दानं थांबला का जखमी लोकायसाठी, हे आता कोण सांगन? सासू अंथरुणाले खिळली, मले येता येत नाही. जेवत जा.

तुझी ताई,
इंदू

घाटंजी, ता. ३० जानेवारी १९६४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

मला सांगता आले नाही. रोज सकाळी ठरवत होतो.

आईला पहिल्या रांगेत खुर्ची होती. साहेबांनी पत्र वाचले. माझा शब्द न् शब्द. खूप टाळ्या झाल्या. आई माझ्याकडे पाहत होती. नाव पुकारल्यावर उठली, पदक घेतले. घरी एवढेच विचारले की, धर्मपालनं हेच वाचलं काय? मी हो म्हणालो.

बायका येऊन म्हणतात की, मथुराबाई, काय छातीची माय तू! ती सुपातल्या तुरीतले खडे वेचत राहते.

काल तुला पत्र लिहवायला ती बबनरावांच्या जयाकडे निघाली. मी लिहितो म्हणालो. तर म्हणाली, राहू दे बाबू, तुझं अक्षर लय चांगलं हाय.

ते पत्र तुला मिळेल. त्यात माझ्याविषयी काय आहे, ते कळवू नकोस. तू तरी लोभ ठेव.

भीमराज