‘आधी’चा फोटो

४ मार्च

नोकरी पक्की! बाबा इस्त्रीचे कपडे हातात देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, “पोरगी लेखिका झाली आमची.” लेखिका कसली! मालिकेतल्या एका प्रसिद्ध नटीच्या ऑफिसात बसून तिच्या नावाने मजकूर लिहायचा, एवढंच. पण काम चांगलं आहे. मॅडम वर्षभरात बऱ्याच बारीक झाल्यात आणि त्याबद्दल त्यांना खरं लिहायचंय. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “शरीराबद्दल सगळेच खोटं बोलतात गं. आपण खरं लिहू.”

घरातली पहिली पदवीधर मी. वाटलं, शिकले ती याचसाठी.

९ मार्च

मेकअपच्या खोलीत मॅडमनी दार लावलं, पोटाची चिमूट धरली आणि माझ्यासमोर इंजेक्शन टोचून घेतलं! दर आठवड्याला एक. डॉक्टरांनी तपासून दिलंय. भूकच मरते म्हणे. मळमळतं, उलट्या होतात, केस पुंजक्याने हातात येतात. “लिही हे,” म्हणाल्या. मी लिहिलं. सगळं.

डब्यातले दोन-चार घास खाऊन त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. “तू खा. तुला जेवताना बघून बरं वाटतं.” मी खाल्लं. मी जाडी आहे, शाळेपासून. लपवायचं काय त्यात? माझं माझ्या शरीराशी भांडण नाही. त्याने मला कधी अडवलं नाही, मी त्याला नाही.

१५ मार्च

मजकूर परत आला. इंजेक्शनचा भाग मॅनेजरने उडवला. (मेकअपवाली त्याला ‘फूटपट्टी’ म्हणते. दिसतो तसा आणि वागतोही तसाच!) कारण काय, तर मॅडमच्या नावाचं एक पेय बाजारात येतंय. रोज सकाळी एक ग्लास प्या, वजन उतरलंच समजा. “इंजेक्शनचं लिहिलंस तर पेय कोण पिणार, तुझे वडील?” जाहिरातीची ओळही त्याने ठरवून टाकलीय – ‘औषध नाही, फक्त निश्चय.’

म्हटलं, हे खोटं आहे.

“हे मार्केटिंग आहे. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?”

मॅडमकडे गेले. “थांब गं जरा. बघू.”

१६ मार्च

‘बघू’ म्हणजे काय?

२१ मार्च

जाहिरातीला दोन फोटो हवेत, ‘आधी’ आणि ‘नंतर’. मॅडमचे जुने फोटो टेबलावर पसरले. त्या तशा जाड कधी नव्हत्याच, चारचौघींसारख्या होत्या. फूटपट्टी वैतागला. “यात उतरलं काय ते दिसतंय का कुणाला?”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिल्यांदा फोटोग्राफर. मग फूटपट्टी. मेकअपवाली मान खाली घालून ब्रश पुसत राहिली.

मॅडमनी मला बाजूला नेलं, हात हातात घेतला. “चेहरा माझा लावतील. तुला कोण ओळखणार आहे? एवढं कर. पुढे माझी टीव्हीवर मुलाखत आहे, तिथे मी इंजेक्शनचं सगळं सांगते. शब्द देते तुला.”

विचार केला. कितीतरी बायका ते पेय पितील, उपाशी राहतील, वजन हललं नाही की स्वतःलाच बोल लावतील – आपलाच निश्चय कमी पडला म्हणून. एका फोटोने खरं बाहेर येणार असेल, तर माझं काय जातंय?

राखाडी टी-शर्ट दिला, मुद्दाम एक माप लहान. फोटोग्राफर सांगत होता, “खांदे पाडा. पोट सोडा. अजून सोडा. आता जरा दुःखी उभ्या राहा.”

दुःखी कसं उभं राहतात ते मला येईना. त्याने करून दाखवलं.

२ एप्रिल

मासिकात अख्खं पान! माझ्या मानेवर मॅडमचा चेहरा असा बेमालूम बसवलाय की मीच दचकले.

बाबांनी ते पान दुकानाच्या भिंतीला खळीने चिकटवलं. “मजकूर आमच्या पोरीचा!” गिऱ्हाइकं उभी राहून वाचतायत. एक जण म्हणाला, “बापरे, काय म्हैस होती ही! आणि आता बघा!” बाबा हसले. गिऱ्हाईक हसलं की बाबा हसतातच.

मी घड्या घालत होते. एका शर्टाची तीनदा घातली.

आई हसली नाही.

१० एप्रिल

मॅडमना आठवण करून दिली. “शब्द दिलाय ना?” म्हणाल्या. थोड्या चिडूनच.

१८ एप्रिल

कुठल्याशा वार्ताहराने डॉक्टरांचा पत्ता काढलाय. इंजेक्शनचं सगळं आठवड्याभरात छापणार. फूटपट्टीचा चेहरा पांढराफटक, पण तासाभरात गडी सावरला. “आता खरं तेच विकू या. लिही तुझं ते इंजेक्शन. रडवलं पाहिजे हं!”

कारण काही का असेना. खरं ते खरं! एका बैठकीत मुलाखतीची सगळी उत्तरं लिहून काढली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा पोटभर काम केल्यासारखं वाटलं.

२४ एप्रिल

मुलाखत थेट दाखवत होते. मी प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत. मॅडम माझीच वाक्यं बोलत होत्या – इंजेक्शन, उलट्या, केस, खोटी जाहिरात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, झालं! सगळं सार्थकी लागलं.

मग त्या थांबल्या. म्हणाल्या, “आणखी एक खरं सांगायचंय.” हे मी लिहिलेलं नव्हतं.

“तो आधीचा फोटो माझा नाहीच. चेहरा माझा, अंग माझ्या ऑफिसातल्या एका मुलीचं. गोड आहे हो फार! ती बघा – उभी राहा ना!”

कॅमेरा वळला. मी उभी राहिले. समोरच्या मोठ्या पडद्यावर तो फोटो आणि मी, शेजारी शेजारी. टाळ्या! मुलाखतकार मॅडमना म्हणाली, “केवढं धाडस लागतं हो हे कबूल करायला!”

मी हसत होते. का हसत होते?

बाहेर आल्यावर मॅडमनी मिठी मारली. “खरं बोलायचं ना सगळं? तूच म्हणायचीस.”

२५ एप्रिल

मॅडमच्या प्रामाणिकपणाचं सगळीकडे कौतुक.

दुकानात एक जण बाबांना विचारून गेला, “काय, ‘आधी’ आली का कामावरून?” मी आत, पडद्यामागे. बाबांनी भिंतीवरचं पान ओढून काढलं. सोबत रंगाचा पोपडा निघाला. दिवसभर माझ्याकडे पाठ करून इस्त्री करत राहिले. रागाने नाही. माझ्याकडे कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

२७ एप्रिल

आई म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तुझे खांदे मला कळणार नाहीत का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलली नाहीस म्हणून.”

किती तरी वेळ कॉलरीच इस्त्री करत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “चिडू नकोस. ते औषध... मॅडमना विचार ना, तुला चालेल का.”

“मला काय झालंय, आई?”

“मी कुठे म्हणते काही झालंय! पण आता सगळ्यांनी बघितलंय ना गं.”

मी ओरडले तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. मग आरशासमोर उभी राहिले – आणि खांदे आपोआप पडले. पोट सुटलं. दुःखी कसं उभं राहतात, ते आता न शिकवता येतं.

३० एप्रिल

मॅडमना विचारलं. “मी वाटच बघत होते गं,” म्हणाल्या. डॉक्टर-बिक्टर काही नाही. त्यांच्याच खोलीत, त्यांच्या इंजेक्शनांतलंच एक त्यांनी मला टोचलं.

१९ जून

बाबा आज कौतुकाने म्हणाले, “बरीच उतरलीस गं. काय करतेस काय?”

म्हटलं, रोज चालते.