माझ्या नावाचं रडणं

९ जानेवारी १९६६

आलो एकदाचा. नंदुरबारला गाडीतून उतरलो आणि घरमालक चुनीलालभाईंच्या बैलगाडीतून इथे, तापीकाठी. हाडं खिळखिळी झाली, पण पेटाऱ्यातला एकही व्हॉल्व्ह फुटला नाही. वाटभर पेटारा मांडीवर घेऊन बसलो होतो, लेकुरवाळ्या बाईसारखा. घर नवंकोरं आहे. चुनीलालभाईंनी मुलासाठी बांधलं आणि मुलगा सुरतेत रमला. पुढे ओटा, मागे त्यांचं कापसाचं शेत, आणि मुख्य म्हणजे वीज आहे. मुंबईत इतकी वर्षं दुसऱ्यांचे रेडिओ नीट केले, आता माझं काम.

काम काय ते लिहून ठेवतो, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही. गायक नाही, वाद्य नाही. सगळे आवाज विजेच्या यंत्रातून काढायचे, टेपवर धरायचे, कापून जोडायचे आणि त्यांची दोन बाजूंची मोठी रेकॉर्ड काढायची. नंदुरबारचे ग्रामोफोनचे व्यापारी भीकमचंद शेठ खर्च करायला तयार आहेत, पण त्यांची अट आहे. हा खडखडाट माणसांना भिडतो हे आधी त्यांना दिसलं पाहिजे. खडखडाट म्हणे. बघतोच आता.

१४ जानेवारी

पहिली बाजू जमत आली. चुनीलालभाईंच्या घरच्या तापीबाई तिळगूळ उंबऱ्यावर ठेवून गेल्या, आत काही आल्या नाहीत. यंत्राच्या दिव्यांना बिचकतात. दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. काल स्वतःचंच बोलणं टेप केलं आणि जेवताना लावून ठेवलं. तेवढीच सोबत.

१९ जानेवारी

आज भलतंच झालं. एक सूर सापडला. बटण सावकाश फिरवलं की चढतो, वर थरथरतो आणि तुटून खाली येतो. उघड्या रानात कसा लागतो ते पाहावं म्हणून दुपारी कर्णा ओट्यावर ठेवला. कापूस वेचणाऱ्या बायका थबकल्या. ओटीतला कापूस जागच्या जागी टाकून, पदर तोंडावर ओढून, एकीमागे एक रडत माझ्याकडे आल्या. ओट्यावर बसून त्यांनी जो गळा काढला, तो यंत्र बंद केलं तरी थांबेना.

तापीबाईंनी मला समजावलं. इथे मयताच्या घरून बाईने हेल काढला की ऐकणारीने हातातलं काम टाकून यायचं, रडायला बसायचं, कोण गेलं ते मागाहून विचारायचं. माझ्या यंत्राने हुबेहूब तसाच हेल काढला होता. तेवढ्यात दगूबाई म्हणून एक वयस्क बाई आहे, तिने विचारलं, ‘कोन गया भाऊ?’ मी म्हटलं, कुणी नाही, हे यंत्र आहे. तापीबाईंचा चेहरा उतरला. एकदा बसलेलं रडणं नावाशिवाय उठत नाही, म्हणाल्या. कुणाचं तरी द्या, जुनं गेलेलं माणूस असलं तरी चालेल.

आईचं देववेना. तिच्यासाठी मी एकट्याने रडून घेतलंय, त्यात वाटेकरी नको. आणि दुसरं आहे कोण मला? म्हटलं, माझंच घ्या. अच्युत.

तापीबाई नको नको म्हणेपर्यंत बायकांनी नाव उचललंसुद्धा. ‘अच्युतभाऊ रे, एकला उना, एकला गया...’ एकटा आला, एकटा गेला. खोटं कशाला लिहू, माझेच डोळे भरून आले. इतक्या मायेने माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. टेप दुपारपासून चालूच होती, ती गुपचूप तशीच राहू दिली. दुसऱ्या बाजूवर हेच रडणं घालणार, आणि खाली माझा सूर.

२० जानेवारी

बायका पुन्हा आल्या, खिचडीचं पातेलं घेऊन. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी आणायचा हा कडू घास. मी आडवा हात मारला. संध्याकाळी पातेलं न्यायला दगूबाई आली आणि रिकामं पातेलं पाहून तिने कुत्र्याला शिव्या घातल्या. मी समोरच हात पुसत उभा होतो. म्हातारीला दिसत नसेल.

२२ जानेवारी

पारसमलच्या दुकानात चहापत्ती मागितली. माझ्यामागून आलेल्यांना दिलं, मला नाही. चुनीलालभाईंना राम राम केला, तर ते मान खाली घालून निघून गेले. थट्टा फार झाली. तापीबाईंना गाठून विनवलं, नाव परत घ्या, चुकलं माझं. त्या माझ्या अंगातून पलीकडे भिंतीकडे बघत होत्या. डोळ्यांना पदर लावला होता.

२४ जानेवारी

टेप लावली. बायका आहेत, यंत्र आहे. ‘माझंच घ्या’ म्हणालो होतो, तेवढं नाही. जेवताना लावायचो ती टेपही कोरी. सुरसुर फक्त.

वेशीवर जाऊन उभा राहिलो. बस आली. हात केला. थांबली नाही.

२७ जानेवारी

माझी खाट उलटी घातलीय, मयताची घालतात तशी. माठ ओतून दिले. चुनीलालभाईंनी डोकं भादरलंय — माझ्यासाठी. पोराचं मागे कुणी नव्हतं, मग मीच केलं, असं पारसमलला सांगत होते. पाय धरले त्यांचे. माशी बसल्यासारखा पाय झटकला —

भूक लागते अजून. मेलेल्याला लागते का?

३० जानेवारी

भीकमचंद शेठ आलेत. दुखवट्याला. सगळं गाव ओट्यावर. शेठनी स्वतः टेप चढवली. पहिली बाजू. शेठ ढसाढसा रडले. म्हणाले, रेकॉर्ड काढणार, वाटेल तेवढा खर्च होवो. आज पोरगा हे बघायला हवा होता, म्हणाले.

शेठ, मी इथेच — तुमच्या शेजारी —

माइकमध्ये ओरडलो. आवाज मोजायची सुई हलत नाही.

टेप संपली. आज दुखवटा सुटला म्हणतात. यंत्र गाडीत चढवताहेत. बायका पदर झटकून उठल्या. माझं नाव आता कुणीच घेत —

दगूबाई, बसा ना. दुसरी बाजू राहिलीय. तुमचीच आहे ती, तुम्हीच रडलाय. जरा वेळ बसा, मी एकटा —