बागेचा ढाळ

प्रिय टकटक,

या नावानं तुला हाक मारून नऊ वर्षं झाली. आता तू कचेरीत बसतेस, हाताखाली माणसं आहेत, तुला हे नाव रुचेल की नाही कोण जाणे. पण दुसऱ्या कुठल्या नावानं मला पत्र सुरूच करता येईना. दोन कागद फाडले.

बातमी अशी, की मागच्या अंगणातली हिरवळ गेली. तुझ्या आईचे गुडघे आता तिला खुरपं घेऊन बसू देत नाहीत आणि मला रोज पाण्याचा पाइप ओढत फिरायचा कंटाळा. माळ्याला विचारलं, तर त्यानं सांगितलेला आकडा ऐकून त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. म्हटलं, चाळीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवल्या, स्वतःचं अंगण जमणार नाही? कामांवर उरलेले तुकडे शेडमध्ये पडून होतेच. गवत खणलं, तण येऊ नये म्हणून जुनी खोकी अंथरली, वर खडी टाकली, मधून तुकड्यांची वाट केली. कडेला कोरफड, सदाफुली, गवती चहा. दोन दिवस विसरलं तरी रुसत नाहीत अशी मंडळी.

आता हस. सगळ्याला मी ढाळ दिला तो मोरीला देतात तसा, थेट कोपऱ्यातल्या गटाराकडे. हाताची सवय, दुसरं काय! पाणी घातलं की सुर्रकन बाहेर. महिन्याभरात सदाफुलीनं माना टाकल्या. जन्मभर मोऱ्या बांधल्या, बागेचीही मोरीच केलीत, असं म्हणत तुझी आई शेजारणीला बोलावून दाखवत होती. मग निमूटपणे सगळं उचकटलं आणि ढाळ झाडांकडे दिला. आता आठवड्यातून दोन बादल्या पुरतात.

उचकटताना तूच डोळ्यांपुढे होतीस. शाळेला सुट्टी लागली की माझी छोटी थापी घेऊन कामावर यायचीस. मी फरशी बसवायची, तू थापीच्या दांड्यानं टकटक करून, कान लावून सांगायचीस, की बाबा, ही पोटात रिकामी आहे. एकदा तर घरमालकासमोरच बोललीस. उचकटून बघितली, तर खालचा सिमेंटचा माल खरंच कमी पडला होता. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तुला वाटलं असेल, बाबा चिडलाय. अगं, छाती अशी फुगली होती की शब्द फुटत नव्हता.

आणि तूच अठराव्या वर्षी हेच काम करायचं म्हणालीस, तेव्हा मी काय केलं? चार गवंड्यांसमोर तुझ्या हातातली थापी हिसकावली. मुलीच्या जातीनं सिमेंटात हात घालायचे नसतात म्हणालो. तू शिकलीस, लांब गेलीस. आईला फोन करतेस, माझी तब्येत तिलाच विचारतेस. मी म्हणत राहिलो, पोरीचा राग, निवळेल आपोआप. माफी मागायची ती मी, आणि वाट बघत बसलो तुझी.

परवा बागेतली वाट पुरी झाली. शेवटी थापी घेऊन एकेक फरशी वाजवत गेलो, तर सगळ्यांचा आवाज सारखाच. भरीव कोणती, पोकळ कोणती, काही उमगेना. कानाच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, बारीक आवाज गेले ते गेले, बाकीचेही हळूहळू जातील. तुझी आई म्हणते, पत्र कसलं लिहिता, फोन करा. पण फोनवर तू हो म्हणालीस आणि मला ऐकूच आलं नाही तर? म्हणून लिहितो. त्या दिवशी मी चुकलो, पोरी. एकदा ये, आणि ही वाट वाजवून बघ. जी रिकामी लागेल ती उचकट आणि तुझ्या हातानं बसव. मी माल कालवून देईन. थापी तीच आहे, तेल लावून ठेवली आहे.

तुझाच,
कानानं अधू, डोक्यानं थोडा सुधारलेला
बाबा